सुकरामच्या वतीने

रत्नपाल शहारे पुण्याहून बोरटोल्याला आला होता तो पोरांना इंग्रजी शिकवायला, आणि सहाव्या दिवशी तो अंजनाबाईच्या अंगणात लाकडं फोडत होता. तळहाताला चार फोड आले होते, पाचवा येऊ घातला होता. समोर खाटेवर बसून अंजनाबाई दातांना गुडाखूची तंबाखू घासत होती आणि मधूनमधून थुंकून सूचना देत होती.

"गाठीचं लाकूड हाये ते बाबू. त्याले आडवं नोको मारू. तुह्या आजालेबी काही येत नव्हतं."

"माफ करा आजी," रत्नपाल म्हणाला. हे वाक्य तो इतक्यांदा म्हणाला होता की विहारात जमणाऱ्या पोरांना इंग्रजीपेक्षा तेच आधी पाठ झालं होतं.

सुरुवात खरं तर चांगल्या मनानं झाली होती. रत्नपाल पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्या वर्षी, म्हणजे २०१२ साली, कंपनीनं टूम काढली की पंधरा दिवस समाजकार्य करा आणि पगारी रजा घ्या. बाकीच्यांनी जवळपासचे आश्रम गाठले आणि संध्याकाळी घरी जेवायला परत आले. रत्नपाल मात्र म्हणाला, "मी माझ्या आजोबांच्या गावी जाऊन शिकवणार." साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. नोटीस बोर्डावर त्याचा फोटो लागला, खाली मोठ्या अक्षरांत 'मुळांच्या शोधात'. मुळं शोधायची तर आधी झाड कुठल्या वावरात आहे ते ठाऊक असावं लागतं, पण इतक्या बारीक चौकशीत पडतो कोण? वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "बोरटोला. तेव्हा भंडारा जिल्हा, आता गोंदिया. बाबा गावाबद्दल याहून जास्त कधी बोलले नाहीत."

दिवाळीची सुट्टी लागताच चाळीस वह्या, जगाचा एक नकाशा आणि रंगीत चित्रांचे गठ्ठे घेऊन रत्नपाल अर्जुनी मोरगावला रेल्वेतून उतरला. बसस्टँडवर विचारलं, "बोरटोल्याची गाडी?" कंडक्टर म्हणाला, "बसा." रत्नपाल बसला.

गावात विहारासमोरच्या ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. त्यांत साठी ओलांडलेला भैयालाल होता. विहाराची चावी त्याच्याकडे असे आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या जत्रेच्या, मंडईच्या, समितीचा अध्यक्षही तोच. रत्नपालनं सगळ्यांना जय भीम केला, बॅग खाली ठेवली, वाकून चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. त्या जागी बकऱ्या बांधत असत, पण एवढ्या भरून आलेल्या माणसाला ते सांगायचं कोणी?

"माझे आजोबा इथलेच," तो म्हणाला. "सुकराम शहारे. सत्तावन्न साली गाव सोडलं त्यांनी."

ओट्यावरच्या एकानं तोंडातला खर्रा थुंकला. भैयालाल उठून जवळ आला.

"सुकरामचा नातू होय तू?"

"हो."

"आन असा तोंड वर करून सांगून राहिला?"

मग ओट्यावरच्या पाच-सहा जणांनी मिळून, एकमेकांचं वाक्य तोडत, त्याला ती गोष्ट सांगितली. छप्पन साली धम्मदीक्षा झाली आणि सत्तावन्नच्या उन्हाळ्यात नव्या रीतीचं गावातलं पहिलं लग्न ठरलं. नवरदेव सुकराम शहारे, म्हणजे भैयालालचा सख्खा काका. नवरी गावातलीच अंजना. ना भटजी, ना मुहूर्त. पांढरी साडी आणि पंचशील. असलं लग्न असतं कसं ते बघायला आजूबाजूच्या चार गावांतली माणसं आली. आणि नवरदेव सकाळी तांब्या घेऊन परसाकडे म्हणून जो गेला, तो गेलाच. तांब्या नाल्याकाठी सापडला, नवरदेव सापडला नाही. भात शिजला होता, माणसं जमली होती, चार गावांसमोर नव्या रीतीची शोभा व्हायची वेळ आली होती. तेव्हा पंचांनी पत्रावळी मांडायला आलेल्या खुशालला हात धुवायला लावलं आणि अंजनाच्या शेजारी उभं केलं. खुशालनं चाळीस वर्षं नीट संसार केला, तक्रार म्हणून केली नाही. पण अंजनाबाईच्या तोंडावर शहाऱ्यांच्या घरातून कोणी एक शब्द बोललं नाही ते आजतागायत.

रत्नपालच्या कपाळावरची माती अजून पुसली नव्हती. ती त्याला आता जड वाटू लागली.

गावात मोबाइलला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येत असे. तिथं जाऊन त्यानं वडिलांना फोन केला.

"बाबा असं करतील?" वडील म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "तरीच. कोणाच्या लग्नात ते जेवायला थांबायचे नाहीत. मी आपला समजायचो, पोटाचा त्रास असेल."

एकदा संशय आला की पुराव्यांना तोटा नसतो. आजोबा गावी कधी गेले नाहीत, कसे जातील? गावाचं नाव निघालं की गप्प होत, होणारच. अंगावरच्या कपड्यांनिशी नागपूर गाठून ते गिरणीत लागले, ही घरात अभिमानानं सांगितली जाणारी गोष्ट होती. आता त्या गोष्टीत एक तांब्या येऊन बसला.

त्याच संध्याकाळी रत्नपाल अंजनाबाईच्या दारात गेला आणि तिच्या पाया पडला. पंचाहत्तरीला टेकलेली बाई, पण पाठ सरळ. तिनं त्याला खालीच राहू दिलं आणि नखशिखांत न्याहाळलं.

"सुकरामचा नातू?" ती म्हणाली. "कोनं सांगतलं?"

"मीच सांगतोय आजी. त्यांच्या वतीनं माफी मागतो."

अंजनाबाईनं पदर सावरला. तिच्या चेहऱ्यावरून तिला राग आला की हसू, ते रत्नपालला कळलं नाही. शेवटी म्हणाली, "मले एकटीले सांगून का होते? मांडवात तं सारा गाव होता."

हे भैयालालच्या कानावर जायला जेमतेम पाच मिनिटं लागली आणि त्याच्या डोक्यावरचं पंचावन्न वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं. शहाऱ्यांच्या घराण्याची लाज आपल्याऐवजी कोणीतरी पुण्याहून येऊन धुणार, तीही स्वखर्चानं, याहून सुख ते कोणतं? "पुतन्या," तो रत्नपालला मिठी मारून म्हणाला, "दहाव्या दिवशी मंडई हाये. चार गावचे पाहुने येतेत. तवाच माईकवर होऊन जाऊ दे." दुसऱ्या दिवशी पत्रिका छापायला गेली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं: दुपारी दोन वाजता शहारे घराण्यातर्फे जाहीर माफी, त्यानंतर दंडारीचं नाटक. अंजनाबाईनं पत्रिका डोळ्याजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचली आणि घडी करून उशीखाली ठेवली.

शिकवणं चालू होतं, म्हणजे चालू असायला हवं होतं. पहिल्या दिवशी विहारात नऊ पोरं आली. बातमी पसरल्यावर दुसऱ्या दिवशी एकतीस आली, आणि दारात धान कापणीला निघालेली मोठी माणसं विळे घेऊन उभी राहिली. रत्नपालनं नकाशा टांगला आणि विचारलं, "कोणाला काही प्रश्न?"

अंजनाबाईची नात खुशबू पाचवीत होती. तिनं हात वर केला. "सर, तुम्ही बी पळून जाचे का?"

"नाही गं. मी पंधरा दिवस आहे."

"आधी एक मॅडम आली होती. ते बी महिनाभर राहतो म्हने. तिसऱ्या दिवशी गेली."

"मी जाणार नाही."

पोरांनी आपसात विचार केला. वर्ग सुटल्यावर खुशबू आणि तिची फौज, रत्नपाल उतरला होता त्या भैयालालच्या घरी गेली आणि त्याची बॅग उचलून अंजनाबाईच्या कोठीत नेऊन ठेवली. कपडे बदलायला त्याला रोज तिथं जावं लागे, आणि तिथं गेलं की अंजनाबाईला काहीतरी काम आठवे. लाकडं, पाणी, छपरावरचं कवेलू सरकवणं, शेणाच्या गोवऱ्या उलटणं. रत्नपाल प्रत्येक काम मान खाली घालून करी. साहेबांना पाठवायला त्यानं एकही फोटो काढला नाही, कारण काढायचा कशाचा? रात्री अंथरुणावर पडलं की त्याला आजोबांचा हसरा चेहरा दिसे आणि त्याचा संताप होई. आयुष्यभर ते त्याला सांगत आले होते, खोटं बोलू नये, दिलेला शब्द मोडू नये. आणि स्वतः?

मंडईच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. घरोघरी लेकी, जावई, साळे, मेहुणे. झेंडूची तोरणं, जिलेबीच्या कढया, फुगेवाले. दंडारीतली मंडळी तोंडाला रंग लावून बारा वाजल्यापासून तयार होती. भैयालालच्या घरी त्याचा साळा दुलीचंद मोटारसायकलवर चिचगडकडून आला होता. भैयालालनं मोठ्या कौतुकानं त्याला रत्नपाल दाखवला. "हा सुकरामचा नातू. पुन्याहून आला. पोट्ट्यायले शिकवून राहिला आन आज माफी मांगते."

"कोनता सुकराम?" दुलीचंद जिलेबी खाता खाता म्हणाला.

"नागपूरच्या गिरणीत होते," रत्नपाल म्हणाला.

दुलीचंदची जिलेबी हातातच राहिली. "बायकोचं नाव का होतं?"

"सुशिलाबाई."

"डाव्या हाताचं एक बोट मशिनीत गेलं होतं का?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"अरे बाबू, तो तं आमचा सुकराम. आमच्या बोरटोल्याचा. माह्या बापाचा मावसभाऊ. लगन करून, बायको संग घेऊनच गेला न तो. गरीब मानूस. मुंगीलेबी बाजूनं जा म्हने."

"मग हे गाव?"

"हे बी बोरटोलाच. सालेकसाकडं अजून एक हाये. बोरीचं झाड आन चार घरं असली का झाला बोरटोला." दुलीचंदचा चेहरा आता पडत चालला होता. "म्हंजे सख्खं गाव सोडून तू येथल्या पोरायले शिकवून राहिला? आमचे पोट्टे का ढोरं हायेत?"

रत्नपालच्या पायाखालची जमीन सरकली, आणि ती त्याच्या आजोबांची जमीन नव्हतीच. भैयालाल लगबगीनं दार लोटून आला.

"दुली, हळू बोल. हे पाय पुतन्या, आजच्या दिवस राहू दे न तू सुकरामचा नातू. पत्रिकेत छापलं हाये. घंट्याभराचं तं काम हाये."

"तुमचे सख्खे काका होते ते," रत्नपाल म्हणाला. "माझे कोणी नव्हते."

"म्हनूनच तं," भैयालाल म्हणाला. "तुले परक्याची लाज वाटाची नाही. मले वाटते."

रत्नपाल तलावाच्या पाळीवर गेला आणि वडिलांना फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे बाबांनी काही केलं नव्हतं?"

"नाही."

"मी त्यांच्या फोटोचं तोंड भिंतीकडे करून ठेवलंय रे," वडील म्हणाले. "नऊ दिवस झाले. तुझ्या आत्यालाही कळवलं. ती म्हणाली, मला आधीपासून शंका होती."

गाव चुकलं ते एक वेळ चालून गेलं असतं. माणसं रस्ता चुकतात. पण अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या आजोबांविषयी ओट्यावर बसलेल्या अनोळखी माणसांनी दोन मिनिटं काहीतरी सांगितलं, आणि त्यानं एकदाही म्हटलं नाही की माझा आजोबा असं करणार नाही.

तो तसाच अंजनाबाईकडे गेला. ती नवी नऊवारी नेसून, केसांना तेल लावून तयार बसली होती. तिला पाहून त्याचा धीर सुटत होता, पण सांगणं भाग होतं.

"आजी, मी तुमच्या सुकरामचा नातू नाही."

"मालूम हाये," अंजनाबाई म्हणाली.

"मला आत्ताच कळलं."

"मले पहिल्याच दिवशी मालूम होतं. आमचा सुकराम रायपूरकडं हमाली करे. लगन नाही केलं त्यानं. मेला तवा मले सांगावा आला होता, पंधरा वर्षं झाली. त्याले नातू कुठून येते?"

"मग सांगितलं का नाही? मी नऊ दिवस लाकडं फोडली."

"लाकडं तं लागतच होती," अंजनाबाई म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "सांगतलं असतं तं माफी कोनं मांगतली असती बाबू? पंचावन वर्षं झाली. हा भैयालाल माह्या दारासमोरून मान खाली घालून जाते, पन तोंडातून शब्द नाही. तू कोनाचा कोन, येऊन पायावर पडला. मले बरं वाटलं. खोटं कायले सांगू?"

"आता मी काय करू? दोन वाजत आलेत."

"मले काऊन विचारते? तू मास्तर हायेस. पोरायसमोर जे बोलाचं ते बोल."

मंडईच्या पटांगणात माणूस मावत नव्हतं. पुढे एकतीस पोरं मांडी घालून बसली होती, त्यांच्या मागे खुर्चीवर अंजनाबाई. भैयालालनं मोठं भाषण करून माईक रत्नपालच्या हातात दिला.

"मी सुकराम शहारेंचा नातू आहे," तो म्हणाला, "पण तुमच्या सुकरामचा नाही. माझं गाव चिचगडकडचं बोरटोला. मी चुकीच्या गावात आलो."

पटांगणात कुजबुज उठली. मागून कोणीतरी म्हणालं, "मंग नऊ दिवस जेवला कोनाकडं?" हशा पिकला. रत्नपाल थांबला नाही.

"हसा. हसण्यासारखंच आहे. मी तुमच्या पोरांना शिकवायला आलो आणि मला माझ्या आजोबांचं गाव नीट ठाऊक नव्हतं. त्यांच्याविषयी मला इतकं कमी माहीत होतं की कोणाचंही पाप त्यांच्या नावावर खपलं. मला लाज वाटते. त्यांची माफी मी माझ्या घरी जाऊन मागेन. पण अंजनाआजींची माफी मागायची अजून राहिलीच आहे, आणि ती मागायचा हक्क माझा नाही."

एवढं बोलून त्यानं माईक भैयालालच्या हातात ठेवला.

भैयालालनं माईकमध्ये फुंकर मारली. "हॅलो, हॅलो," म्हणाला. माईक चांगला चालत होता. त्यानं दंडारवाल्यांकडे पाहिलं, ते हलले नाहीत. दुलीचंदकडे पाहिलं, त्यानं मान फिरवली. मग त्यानं टोपी काढली.

"अंजनाबाई," तो म्हणाला. "माफ कर व माय. आमच्या घरानं तुही शोभा केली. मले बोलता नाही आलं."

अंजनाबाई खुर्चीवरून उठली. तिला माईकची गरज नव्हती.

"पळाला काऊन तो? एवढंच सांग."

भैयालालनं इकडेतिकडे पाहिलं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता, नाल्याकाठी मोहाची फुलं वेचत होता, आणि ही गोष्ट त्यानं आजवर बायकोलाही सांगितली नव्हती.

"मले भेटला होता तो नाल्यावर," तो म्हणाला. "रडून राहिला होता. मले म्हने, भैया, ते पोरगी चौथी शिकली हाये, पेपर वाचते. मी अंगठेवाला. उद्या ते मले वाचून दाखवन आन विचारन, समजलं का, तवा मी का सांगू? भेला होता तो. तुले भेला होता. मले म्हने, कोनाले सांगू नोको, आन तांब्या तेथंच ठेवून गेला."

लोक हसायला लागले आणि अर्ध्यातच थांबले, कारण अंजनाबाई हसत नव्हती. ती बराच वेळ भैयालालकडे बघत राहिली, जणू त्याच्यामागे अजून कोणी उभं होतं.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "सांगाचं होतं न त्यानं. मी शिकवलं असतं त्याले."

आणि मग ती खाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि भैयालालला म्हणाली की आता दंडार सुरू करा, पोट्टे कवाचे बसून हायेत.